रामदास बोट, १७ जुलै आणि 'कुठे बसायचं' हा विसरलेला नियम

परवा १७ जुलै. आमच्या रायगड जिल्ह्यात, खास करून रेवस-अलिबाग पट्ट्यात, ही तारीख आली की अजूनही कुणीतरी जुनं माणूस 'रामदास'चा विषय काढतंच. दरवर्षी चार ओळींची श्रद्धांजली टाकून आपण मोकळे होतो. यंदा म्हटलं जरा सविस्तर लिहू. पोस्ट लांब आहे, पण बोटीने जाणाऱ्या, पोरांना सहलीला पाठवणाऱ्या आणि पाहुण्यांना किल्ले दाखवणाऱ्या प्रत्येकाने सवडीने वाचावी अशी आहे.

आत्ताच का लिहितोय, तेही सांगतो. सध्या पावसाळ्यामुळे गेटवे-मांडवा लाँच बंद आहे, जंजिऱ्याची वाहतूक बंद आहे, मालवण-तारकर्लीच्या पर्यटनाच्या होड्याही वर ओढून ठेवल्यात. सप्टेंबरात सगळं परत सुरू होईल. तेव्हा रंगरंगोटी होईल, इंजिनं तपासली जातील, परवाने नवे होतील. त्या रंगकामात एक ओळ जास्तीची लिहिली जावी, एवढीच या पोस्टची मागणी आहे. ती ओळ कोणती, ते कळायला थोडा इतिहास बघावा लागेल.

आधी रामदास.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला एक महिनासुद्धा उरला नव्हता. गटारी अमावस्येचा दिवस. परळ-गिरगावात राहणारी, नोकरीधंद्याला मुंबईत असलेली आपली माणसं सणाला गावी निघाली होती. सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोट रेवसला निघाली. १९३६ साली बांधलेली, पोलादी, चांगली दणकट आगबोट. म्हणजे मोडकीतोडकी, जुनाट बोट होती म्हणून बुडाली असं म्हणायला जागा नाही. वाटेत वारा वाढला, पाऊस आला, समुद्र खवळला. काशाच्या खडकाजवळ आल्यावर बोट उलटली. मुंबईहून नऊ-दहा मैलांचंच अंतर. सहाशेहून अधिक माणसं गेली. वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला खबर लागायला दुपार उलटून गेली. पोहता येणारे काही जण वाचले आणि रेवसच्या बाजूचे कोळीबांधव आपल्या होड्या घेऊन मदतीला धावले, त्यांनी बऱ्याच जणांना पाण्यातून ओढून काढलं. स्वतःच्या होडीतला माल बाजूला सारून माणसं भरणाऱ्या त्या लोकांचं ऋण आपल्या जिल्ह्याने कधी नीट फेडलं नाही, पण तो विषय वेगळा.

आता नेमकं काय झालं, तिकडे या. वाचलेल्यांच्या सांगण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या जे सांगितलं जातं ते असं: एक मोठी लाट एका बाजूने आदळली, पाणी डेकवर आलं. त्या बाजूचे लोक घाबरून दुसऱ्या बाजूला धावले. बोट कलली. ती सावरायच्या आत पुढची लाट आली आणि बोट आडवी झाली.

म्हणजे लाट होती, वारा होता, पण शेवटचा धक्का शेकडो माणसांच्या वजनाने दिला. माणसं तेवढीच होती. धक्क्यावरून निघताना जेवढी होती तेवढीच. फक्त त्यांची जागा बदलली.

बोटीच्या अपघाताची बातमी आली की पहिला प्रश्न कोणता येतो? 'किती जण होते?' मग दुसरा, 'क्षमता किती होती?' क्षमतेपेक्षा जास्त असले की झाला मथळा तयार. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला कोण, काय, कुठे, कधी, का, कसं असे सहा प्रश्न घोकून घेतले होते. त्यातला 'कुठे' आपण खाडीसाठी नाहीतर धरणासाठी वापरतो. 'माणसं बोटीत कुठे होती?' हा 'कुठे' विचारला जात नाही. आणि बहुतेक वेळा खरं कारण तिथे लपलेलं असतं.

घरी एक प्रयोग करून बघा. मोठ्या घमेल्यात किंवा टबात पाणी घ्या, त्यावर एक छोटी परात तरंगत सोडा. परातीच्या मधोमध तांदळाने भरलेला डबा ठेवा. परात थोडी खाली जाईल, पण सरळ राहील. आता तोच डबा कडेला सरकवा. एका बाजूने पाणी आत येईल आणि खेळ खलास. मग तोच डबा परत मधोमध ठेवा, त्याच्यावर दुसरा आणि तिसरा डबा चढवा आणि परात हळूच हलवा. मनोरा डुलायला लागेल आणि परात घेऊन जाईल. वजन कडेला गेलं तर धोका, वर गेलं तर धोका. खाली आणि मधे असेल तर सगळं ठीक. एवढंच ते शास्त्र.

बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, पुढे जास्त भरलं की धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर येतं. म्हणून पोती कुठे टाकायची ते तो बघून टाकतो. जुने मचवे आणि पडावसुद्धा माल नसताना रिकामे जात नसत, तळाला दगड भरत. त्याला आपल्याकडे नीरम म्हणतात. बोट खालून जड असली की लाटेने कलली तरी परत सरळ होते, हे आपल्या नाखव्यांना पिढ्यांपासून माहीत आहे.

पण पोत्यात आणि माणसात एक फरक आहे. पोतं ठेवलेल्या जागी राहतं. माणूस उठतो, वाकतो, फोटो काढायला कडेला जातो, घाबरला की पळतो. आणि घाबरलेली माणसं सगळी एकाच दिशेला पळतात. हिशोब करा. एका होडीत ४० माणसं, प्रत्येकी ७५ किलो धरा, झाले ३,००० किलो. त्यातली निम्मी माणसं डॉल्फिन दिसला म्हणून या कडेवरून त्या कडेला गेली, तर दीड टन वजन काही सेकंदांत दोन मीटर सरकलं. दीड टन म्हणजे सिमेंटच्या ३० गोण्या. कुठला तांडेल भर समुद्रात ३० गोण्या एका कडेवरून उचलून दुसऱ्या कडेला रचू देईल?

हे जगाला कधी कळलं? तर फार पूर्वी.

शिवजन्माच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. स्वीडनच्या राजाने 'वासा' नावाची भली मोठी युद्धनौका बांधून घेतली. ६४ तोफा, वर नक्षीकाम, सगळा थाट. निघण्याआधी तिची एक चाचणी झाली. ३० खलाशांना डेकवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकत्र पळायला लावलं. तीन फेऱ्या झाल्या आणि जहाज इतकं डोलायला लागलं की आता बंदरातच उलटेल या भीतीने अ‍ॅडमिरलने चाचणी थांबवली. चाचणी थांबली, जहाज मात्र थांबलं नाही. राजा लढाईवर होता, त्याला जहाज लवकर हवं होतं, त्याला सांगणार कोण? १० ऑगस्ट १६२८ रोजी ते स्टॉकहोम बंदरातून निघालं आणि दीड किलोमीटर जायच्या आत, लोकांच्या डोळ्यांदेखत बुडालं. १९६१ साली ते वर काढलं, आज तिथे म्युझियम आहे. पण माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट ही की 'माणसं एका बाजूला पळाली तर काय होईल' ही चाचणी चारशे वर्षांपूर्वी लोकांना सुचली होती. निकालही मिळाला होता.

पुढे १७४६ साली पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. बोट कलली की ती परत सरळ होईल की उलटेल, हे वजनाचा मध्य किती उंचीवर आहे त्यावर ठरतं, आणि ते आधी कागदावर काढता येतं, हे त्याने दाखवलं. म्हणजे तेव्हापासून 'आम्हाला काय माहीत, दैवाची गोष्ट' म्हणायची सोय संपली.

मग इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल नावाचा खासदार झाला. जहाजमालक नफ्यासाठी बेसुमार माल भरायचे, विमा उतरवायचे, आणि जहाज बुडालं तर खलाशी जायचे, मालकाला पैसे मिळायचे. त्याने पार्लमेंट डोक्यावर घेतलं. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाहेरच्या अंगाला रेघ मारणं सक्तीचं झालं. गंमत म्हणजे ती रेघ कुठे मारायची हे सुरुवातीला मालकावरच सोडलं होतं! १८९० साली तीही पळवाट बुजवली. आजही मोठ्या जहाजांवर ती खूण दिसते. फार मोठं काम. पण ती रेघ 'किती' भरलं ते सांगते. भरलेलं खाली आहे की वर, मधे आहे की कडेला, हे रेघेला कळत नाही.

याचा सगळ्यात भयंकर दाखला अमेरिकेत शिकागोला मिळाला. २४ जुलै १९१५. एका कारखान्याचे कामगार बायकापोरांसह सहलीला निघाले होते. 'ईस्टलँड' नावाची आगबोट, अडीच हजारांवर माणसं, परवानाही साधारण तेवढ्याचाच. बोट अजून धक्क्याला बांधलेली होती. पाणी किती खोल? जेमतेम वीस फूट. वरच्या डेकवर गर्दी झालेली. बोट आधी एकीकडे कलली, मग दुसरीकडे, आणि बघता बघता नदीतच आडवी झाली. ८४४ माणसं गेली. काठापासून काही हातांवर.

यातली चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर जगभर ओरड झाली की बोटींवर जीवरक्षक होड्या कमी असतात. नवे नियम आले. ईस्टलँडवरही याच महिन्यात जास्तीच्या होड्या आणि तराफे चढवले होते. कुठे? वरच्या डेकवर. आधीच डोलणारी बोट, तिच्या डोक्यावर आणखी ओझं. जीव वाचवायला आणलेलं सामान चुकीच्या जागी ठेवलं, त्याची भर पडली. 'किती'चा नियम पाळला आणि 'कुठे' कुणी विचारलं नाही.

आता कायद्याकडे या. मला वाटलं होतं की 'कुठे'चा नियम मुळात कुणी लिहिलाच नसेल. पण लिहिलेला आहे. इंग्लंडच्या १८९४ च्या नौवहन कायद्यात प्रवासी बोटीच्या सर्टिफिकेटवर नुसती प्रवासीसंख्या लिहून भागत नव्हतं. गरज असेल तिथे बोटीच्या कुठल्या भागात किती माणसं, हे वेगळं दाखवायचं होतं. हाच विचार आपल्या देशात १९१७ च्या अंतर्देशीय आगबोटींच्या कायद्यात आला. सर्व्हेयरने सर्टिफिकेट देताना डेकवर किती, केबिनमध्ये किती, आणि डेकच्या वेगवेगळ्या भागांत किती, हे जरूर तिथे नमूद करायचं. इतकंच नाही, तर हंगाम कुठला, प्रवास कसला, सोबत माल किती, यावरून हा आकडा कमी-जास्त करायची तरतूदही होती. शंभर वर्षांपूर्वी! आता त्या कायद्याची जागा २०२१ च्या नव्या कायद्याने घेतली आहे.

मोठ्या प्रवासी जहाजांसाठी आज जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात तर आणखी बारकाईने लिहिलंय. प्रवासी एका बाजूला गोळा झाले तर जहाज १० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. माणूस किमान ७५ किलोचा धरायचा. उभ्या माणसाचा वजनाचा मध्य डेकपासून एक मीटर उंच धरायचा आणि बसलेल्याचा आसनापासून ३० सेंटीमीटर. बघा, बसणं आणि उभं राहणं यातला फरकसुद्धा गणितात घेतलाय. 'उठू नका, बसून घ्या' असं खलाशी ओरडतो ते उगाच नाही.

मग हे सगळं गेलं कुठे? कागदावरून बोटीपर्यंत येताना वाटेत सांडलं. सर्टिफिकेट कपाटात राहतं. बोटीवर रंगवलेला असतो तो फक्त एक आकडा: 'प्रवासी क्षमता अमुक'. तोसुद्धा पाहुण्यांच्या बॅगांमागे लपलेला.

पूर्वी ही कसर तांडेलाच्या तोंडाने भरून निघत असे. खाडीवर तरीने जाणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. माणसं चढायला लागली की तांडेल तिकिटाच्या आधी जागेचं बघायचा. "मधी बसा, मधी. काठावर नको." "ताई, पोराला घेऊन खाली बसा." "ओ भाऊ, तुम्ही या फळीवर, आणि तो बारका तिकडे जाऊ दे." एखादा अंगाने भरलेला असला तर त्याला सगळ्यांसमोर मधोमध बसवायचा, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. मोटरसायकल, मासळीच्या पाट्या, बकऱ्या, प्रत्येकाची जागा ठरलेली. मी बातम्यांसाठी या खाड्यांवरून बरंच फिरलोय. असे तांडेल आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. पूल झाले, तरी बंद पडल्या, आणि पर्यटनाच्या होड्यांवर चार महिन्यांसाठी येणाऱ्या पोरांना ना ते कुणी शिकवलं, ना गिऱ्हाईक त्यांचं ऐकतं. 'पैसे दिलेत, कुठेही बसू' हा आपला बाणा.

नियम कागदावर नीट असला तरी चुकीच्या आकड्यावर उभा असेल तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. २ ऑक्टोबर २००५, अमेरिकेत लेक जॉर्ज नावाचं शांत तळं. 'इथन ॲलन' ही काचेच्या खिडक्यांची सहलीची बोट, ४७ प्रवासी, बहुतेक सगळे ज्येष्ठ नागरिक. परवाना ४८ प्रवाशांचा, म्हणजे क्षमतेच्या आत. दुसऱ्या बोटीच्या लाटा आल्या, बोट वळली, आणि लांब सलग बाकांवर बसलेली म्हातारी माणसं घसरत एका बाजूला गेली. बोट उलटली, २० जण गेले. चौकशीत काय निघालं? क्षमता काढताना माणसाचं सरासरी वजन १४० पौंड, म्हणजे साधारण ६४ किलो धरलं होतं. प्रत्यक्षात ते ऐंशी किलोच्या आसपास होतं. शिवाय बोटीला नंतर जड छत बसवलं होतं, त्याचा हिशोब पुन्हा केलाच नव्हता. नीट हिशोब केला असता तर ४८ नाही, १४ प्रवासी भरले. पुढे तिथल्या कोस्ट गार्डने सरासरी वजन १८५ पौंड धरायला सुरुवात केली.

या गोष्टीतल्या दोन बाबी आपल्याकडे डोळ्यांनी दिसतात. एक, होडी घेतल्यावर नंतर तिच्यावर पत्र्याचं छत टाकणं, छतावर लोकांना बसवणं, मासेमारीची होडी पर्यटनाला लावणं. दोन, सलग बाक, मधे धरायला काही नाही.

आपल्या देशातली उदाहरणं तर ताजी आहेत. ३० सप्टेंबर २००९, केरळमधलं थेक्कडी. पेरियारच्या जलाशयात 'जलकन्यका' ही दुमजली बोट. काठावर रानटी जनावरं दिसली, वरच्या मजल्यावरचे पर्यटक बघायला एका बाजूला गेले. ४५ जण बुडाले. ७ मे २०२३, केरळमधलंच तानूर. मासेमारीच्या होडीवरून बनवलेली दुमजली पर्यटन बोट, २२ बळी, त्यात लहान मुलं बरीच. आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणूला १३ जानेवारी २०१८ रोजी कॉलेजच्या मुलांची होडी उलटली, तीन मुली गेल्या. फोटो काढायला मुलं एका बाजूला गोळा झाली होती, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं.

रामदास लाटेला घाबरून कलली, थेक्कडीची बोट हरखून कलली. बोटीला दोन्ही सारखंच.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. तो प्रकार वेगळा होता, पण त्यानंतर लाइफ जॅकेटचा विषय ऐरणीवर आला आणि ते बरंच झालं. जॅकेट हवंच, प्रत्येकाला हवं, लहान मुलांच्या मापाचं हवं. पण जॅकेट हा पाण्यात पडल्यानंतरचा उपाय आहे. बोट उलटू नये यासाठीचा उपाय बसण्याच्या जागेत आहे. शिवाय दुमजली किंवा बंद छताची बोट उलटली तर जॅकेट घातलेला माणूस छताखाली अडकू शकतो, कारण जॅकेट त्याला वर ढकलतं आणि वर छत असतं. म्हणून एक असलं की दुसरं नको, असं होत नाही.

होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर पाय सोडून बसणाऱ्यांबद्दलही सांगतो. फोटो झकास येतो, मान्य. पण तिथून माणूस तोल जाऊन पडला तर बोट त्याच्या अंगावरून जाते आणि मागे पंखा फिरत असतो. इंजिन बंद करायला तांडेलाला दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. त्यात पुढे चारपाच जण बसले की चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही ते वेगळंच. आणि किल्ल्याच्या दरवाजाशी होडी लागली की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. उतरायच्या घाईत सगळी होडी एकदम एका कडेला उभी राहते. अपघात होत नाहीत ते खलाशांच्या कौशल्यामुळे आणि आपल्या नशिबाने. रोज नशिबावर धंदा चालवू नये.

होडीवाल्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. हंगाम आठ महिन्यांचा, त्यात शनिवार-रविवारवर सगळी भिस्त. डिझेल, दुरुस्ती, परवाना, कर्जाचा हप्ता. जागा ठरवून दिली तर एका फेरीत चार माणसं कमी बसतील, हे खरं आहे. दोन रुपये भाडं जास्त घ्या, मी लोकांना सांगायला तयार आहे. पण एक होडी उलटली की नुसती ती होडी जात नाही, अख्ख्या बंदराचा हंगाम जातो.

तर मागणी साधी आहे. पुढच्या दोन महिन्यांत होड्या रंगतील तेव्हा:

१) क्षमतेच्या आकड्याशेजारी जागाही रंगवा. खाली किती, वर किती (वर बसायची परवानगी नसेल तर तसं ठसठशीत लिहा), नाळेवर आणि काठावर कुणीही नाही. फळ्यांवर आसनांचे नंबर टाका. एका डब्याच्या रंगात काम होतं.

२) होडीला नंतर छत, बाक किंवा मजला जोडला असेल तर सर्व्हे परत झाल्याशिवाय ती पाण्यात उतरू नये. हे बंदर खात्याने बघायचं आहे आणि ग्रामपंचायतीने विचारायचं आहे.

३) सुटण्याआधी खलाशाने एक मिनिट बोलायचं. मराठीत आणि हिंदीत. कुठे बसायचं, उठायचं नाही, डॉल्फिन दिसला तर आम्ही होडी वळवू, तुम्ही जागेवर राहा. लाट आली तर आहे तिथे खाली बसा, दुसऱ्या बाजूला पळू नका.

४) उतरताना एका वेळी एक. बाकीचे बसून.

५) शाळेच्या सहलीत शिक्षकांनी मुलांची जागा स्वतः लावायची. एसटीत लावतात तशी.

तिसऱ्या मुद्द्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. लाट आली तर पळू नका. १९४७ ला हे रामदासवरच्या लोकांना कुणी आधी सांगितलं असतं तर बोट वाचली असती का, हे ठामपणे कुणीच म्हणू शकत नाही. समुद्र त्या दिवशी वाईटच होता. पण सांगायला एक मिनिट लागतं, आणि ते मिनिट आजही आपल्या बहुतेक होड्यांवर दिलं जात नाही.

ज्यांच्या घरातलं कुणी रामदासवर होतं, त्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं खाली लिहा. ही माहिती गोळा व्हायला हवी, सांगणारी पिढी संपत आलीय. आणि सप्टेंबरात होड्या सुरू झाल्या की आपापल्या बंदरावर होडीवर काय रंगवलंय त्याचा फोटो मला पाठवा. नुसता आकडा आहे की जागाही आहे, ते बघू. जिथे जागा लिहिलेली असेल त्या होडीवाल्याचं नाव मी कौतुकाने छापीन. जिथे नसेल, तिथे ग्रामसभेत आणि बंदर कार्यालयात कागद घेऊन मी स्वतः जाईन. सोबत कोण येतंय, तेही सांगा.